कंप्युटरची उष्णता

११ एप्रिल २००४, रविवार

रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. डोळे मिटले की आत मिरची चोळल्यावानी आग होती. आन् मिटलेल्या डोळ्यात अक्षरं पळतात. चि.सौ.कां., चि.सौ.कां. दिवसभर टाईप केलेलंच परत परत येतं.

पन न झोपायचं खरं कारन ते न्हाई. खरं कारन लिहायला हात रेटत न्हाई. घडीघडी लघवीला लागती. उठते, न्हानीत जाऊन बसते, चार थेंब येतात आन् अशी आग होती की पदर तोंडात धरावा लागतो. परत येऊन पडले की परत लागती. शेजारी हे झोपलेले, मधी आमची तान्ही चिमी. कुनाला जाग येऊ नये म्हनून कडी हळू काढते, हळू लावते. चोरावानी.

लिहिलं तर बरं वाटंल असं वाटलं. न्हाई वाटलं. कागदालाबी लाज वाटून राह्यली आसंल.

१३ एप्रिल, मंगळवार

आमचं दुकान परतूरच्या मोंढ्याकडं जायच्या रस्त्याला हाये. गाळ्यांची लाईन, त्यातला एक. लग्नपत्रिका, अर्ज, आता इलेक्शनचे पॉम्प्लेट. कंप्युटर एक आन् खुर्ची एक. आधी हे सोताच टाईप करायचे, दोन बोटांनी, कोंबडी दाने टिपती तसं. मी मागं बसून बघायचे. एक दिवस हे जेवायला गेल्ते तवा मी बसले. शिक्षन माझं सातवी, पन बोटं चालली. आता परतुरात माझ्या बायकोइतकं जल्दी कोनी टाईप करत न्हाई, असं हे गिऱ्हाइकाला सांगतात. मी पदर सारखा करून मान खाली घालते. पन ऐकते. ऐकून लई बरं वाटतं. जल्मात कुनी मला कशात पहिली म्हनलं नव्हतं.

लाईटीचं काही खरं न्हाई. सकाळी येती, दुपारी जाती, कधी संध्याकाळी तोंड दाखवती. म्हनून लाईट हाये तोवर खुर्ची सोडायची न्हाई. लाईट गेली की यूपीएस टुईं टुईं करतं, तेवढ्यात सेव्ह करून घ्यायचं. तितक्यात कोनी उठायचं नाव काढलं तर दारातले लोक अंगावर येतात. लग्नाची तारीख काय लाईटीसाठी थांबती का.

आन् गाळ्यांना न्हानी न्हाई. गडी मानसं मागच्या भिंतीला उभी राहतात. बाई दुकानात बसंल हे गाळे बांधनाराच्या ध्यानातच आलं नसंल. स्टँडावरच्या मुतारीला कडी न्हाई आन् दाराशी सगळे रिक्षावाले बसलेले. घर रेल्वे गेटाच्या पल्याड. गेट पडलं की मालगाडी जाईस्तवर उभं राहा, तवर लाईट गेली. म्हनून मी पानीच पीत न्हाई. सकाळी भाकरीसंगं थोडं, मंग रातच्याला. लागली तरी मांडीवर मांडी दाबून बसते. टाईप करताना ध्यान राहत न्हाई, उठल्यावर कळतं.

एकदा मागल्या महिन्यात बिलकुल थांबवंना, तवा भिंतीमागं बाभळीच्या आडोशाला गेले. वर बघते तर काकासाहेब. आमचं गिऱ्हाईक, लेकीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले, तेबी भिंतीलाच निघाले व्हते. बघितलं आन् तसेच फिरले. मंग त्यांच्याच लेकीची पत्रिका मला त्यांच्यासमोर दुरुस्त करावी लागली.  ते स्टूल लांब सरकवून, रस्त्याकडं तोंड करून बसले. चावट आसते तर मनातल्या मनात दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. भले निघाले म्हनून मेल्याहून मेल्यावानी झालं. जाताना म्हनले, ताई, पत्रिका चांगली झाली.

त्या दिवसापासून भिंतीमागंबी जात न्हाई.

१४ एप्रिल

आज काही न्हाई. पाठ दुखती. खुर्ची उंच हाये.

१६ एप्रिल, शुक्रवार

आज डोळे एवढे लाल झाले की आत्याबाईंनी चूल सोडून माझं तोंड उजेडाकडं फिरवलं. आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई. त्यांचं म्हननं, मी सव्वा महिनासुदिक धरला न्हाई आन् त्या पेटीपुढं जाऊन बसले. बाळंतिनीनं सुईत दोरा ओवू नये, कान उघडे ठेवू नयेत, उजेडाकडं टक लावू नये, हे काय म्हाताऱ्या मानसांनी मजा म्हनून सांगितलं का. त्या पेटीची उष्णता डोळ्यातून आत शिरती, आन् तीच दुधात उतरती, म्हनून चिमी अंगावर पिताना तोंड फिरवून राह्यली.

ह्यांनी जरा बोलून बघितलं, की आई, पेटी न्हाई, तिला मॉनिटर म्हनतात. आत्याबाई म्हनल्या, मानीटर म्हन का मामलेदार म्हन, माझ्या सुनेचे डोळे गेले तर तू पत्रिका कुनाच्या डोळ्यानं छापनार हायेस.

रातच्याला त्यांनी माझे पाय सोताच्या मांडीवर घेतले आन् काशाच्या वाटीनं तळव्याला तूप चोळलं. मी पाय वढून घेत होते, सासूनं सुनेचे पाय धरावेत का. त्या म्हनल्या, गप पड. वाटी काळी काळी झाली. बघ म्हनल्या, किती उष्णता निघाली. डोळे खरंच थंड झाले. मला रडू आलं. त्यांना वाटलं डोळ्यातून घान निघून राह्यली.

एवढ्या जवळ व्हत्या. तवा सांगता आलं असतं. पन त्यांनी विचारलं असतं, न्हानी नव्हती तर मंग इतके दिवस कुठं जात व्हतीस.

१७ एप्रिल, शनिवार

आज कचरूलाल वैद्यजींकडं गेल्तो. हे, आत्याबाई, मी, आन् मामा, म्हंजे सासरे, कडूबा. मामांची आन् वैद्यजींची जुनी दोस्ती, म्हनून मामा आलेच पाहिजेत. वैद्यजींचे आजे राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी बोलतात, आपल्याशी आपलं बोलतात, मधी मधी हिंदी. मोठी बैठक, पांढरी गादी. मी पदर कपाळाच्या खाली वढून भिंतीला टेकून बसले.

त्यांनी नाडी धरली आन् काही विचारलं न्हाई. मंग म्हनले, काम करून दाखव. मला कळंना. त्यांनी औषधाच्या डब्याचं झाकन पुढं ठेवलं, म्हनले ह्याच्यावर कर. मी झाकनावर बोटं चालवली. मान पुढं गेली, खांदे वर गेले, पापन्या मिटायच्या राह्यल्या. वैद्यजी बघत व्हते. म्हनले, बहू तो हार्मोनियम बजाती है, पन गानं कुठं हाये. मामा लई हसले.

मंग त्यांनी समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. डोळा म्हंजे पान्याचं घर, आन् त्यात बघायचं काम तेज करतं, म्हंजे पित्त. पापनी मिटली की पानी फिरतं. तू टक लावून बसलीस, पानी सुकलं, आन् उरली आग. दुसरं, एका जागी वाकडं बसलं की वायू अडकतो, तो मानेत चढतो, बोटाला मुंग्या आनतो, कमरेत बसतो. तिसरं, लेकराची माय हायेस. जे खाशील पिशील त्याचंच दूध. पानीच न्हाई तर दूध कुठून. कंप्युटर काही भूत न्हाई, कडूबा. चुलीपुढं बसनाऱ्या बाईलाबी हेच होतं, सोनारालाबी होतं. फरक एवढाच, की चूल इझती, हे इझत न्हाई.

मला वाटलं सुटले. आन् मंग ते म्हनले, "कंप्युटरला लघवी लागत न्हाई, कडूबा. मानसाला लागती."

सगळे हसले. मामा तर मांडीवर थाप मारून हसले. माझ्या अंगावर काटा आला. नाडी त्यांच्या हातातच व्हती.

मंग त्यांनी हसनं थांबवलं. "बेटी, दुकानात बसतीस तवा रोकून तर धरत न्हाईस? सच बोल. भूक, झोप, रडू, लघवी, हे रोकायचं नसतं. रोकलं की शरीर बदला घेतं."

आत्याबाईच आधी बोलल्या, की तसलं काही न्हाई, आमच्या घरी फरशी लावलेली न्हानी हाये. वैद्यजी म्हनले, मी बहूला विचारलं.

मामा दाराकडं बघायला लागले. हे सोताच्या चपलीकडं. पंखा फिरत व्हता. मला वाटलं, हो म्हनावं. हो म्हनलं की पुढचा सवाल येनार, मंग कुठं जातीस, आन् मंग ते भिंतीमागचं, बाभळीचं, काकासाहेबांचं, सगळं सासऱ्यासमोर येनार. ह्यांच्याबी समोर. आन् मंग खुर्ची तर गेलीच.

मी मान हलवली. न्हाई म्हनून.

वैद्यजींनी नाडी जल्दी सोडली न्हाई. म्हनले, नाडी तो दूसरा बोलती है. मामा म्हनले, उन्हाळ्यात नाडीबी तापत असंल. परत हसले सगळे. वैद्यजी हसले न्हाईत.

औषध दिलं. त्रिफळ्याच्या पान्यानं डोळे धुवायचे, तळव्याला तूप, एक पान संपलं की उठून चार पावलं चालायचं, आन् धने-जिऱ्याचं पानी तांब्याभर दिवसभरात संपवायचं. निघताना आत्याबाईंना म्हनले, आठवड्यात फरक पडला न्हाई तर जालन्याला बाईच्या डॉक्टरला दाखवा. रस्त्यानं आत्याबाई ह्यांना म्हनत व्हत्या, डोळ्याला बाईचा डॉक्टर कशाला, आता वैद्यजीबी म्हातारे झाले.

मी वैद्याशी खोटं बोलले. तोंडानं न्हाई, मानेनं. पन खोटं ते खोटं.

१९ एप्रिल, सोमवार

डोळे लई थंड पडले. त्रिफळ्यानं खरंच गुन आला. ह्यांनी खुर्चीचं खालचं लाकूड कापून खुर्ची बुटकी केली, स्क्रीनवर हिरवी काच लावली. पान संपलं की मागून म्हनतात, उठ. मी उठते, दोन पावलं चालते, बसते. गिऱ्हाईक म्हनतात हे काय कवायत चाललीय का. हे म्हनतात, वैद्याचा हुकूम हाये, राजे.

धने-जिऱ्याचं पानी आत्याबाई रोज तांब्यात भरून देतात. मी ते पीत न्हाई. पेलं की अर्ध्या घंट्यात लागती, मंग काय करू. दुपारी सगळे दुकानदार दारापुढं धूळ बसाया पानी शिंपतात, तसं मीबी शिंपते. तांब्यातलं. धन्याचा वास येतो रस्त्याला. आज शेजारचे म्हनले, भाभी, तुमच्या दारात भाजीचा वास यिऊन राह्यला.

संध्याकाळी आत्याबाईंनी रिकामा तांब्या बघितला आन् म्हनल्या, शहानी माझी लेक.

लाजंला काही अंत हाये का न्हाई.

२२ एप्रिल, गुरुवार, अक्षय तृतीया

मच्छिंद्रदादाचा फोन आल्ता दुकानात. माझा भाऊ. इकडं जालन्याजवळच्या टेंभुर्णीला त्याचं बांगड्या-कटलरीचं दुकान हाये. माय वारली तवापासून दादाच माझी माय. पहिल्यांदा पाळी आली तवा मी कडब्याच्या गंजीमागं रडत बसले व्हते, तर ह्यानंच मला शोधलं, काही न विचारता भावकीतल्या काकीला बोलावून आनलं, आन् जाऊन दुकानात बसला. त्याबद्दल आजपातूर एक शब्द बोलला न्हाई.

सनाला ये म्हनत व्हता, सगळ्या पोरी माहेरी आल्यात, वहिनीनं पुरनाचं केलंय. मी म्हनलं, लग्नसराई हाये दादा, खुर्ची सुटत न्हाई. तो मला बेबी म्हनतो. म्हनला, बेबे, खुर्ची तुझ्यावर बसली का तू खुर्चीवर. मंग म्हनला, आवाज का असा बारीक. मी म्हनलं, लाईन खराब हाये.

हे समोरच बसलेले. प्रूफ वाचत व्हते. नसते तर सांगितलं असतं का? काय ठाव. फोन ठेवल्यावर वाटलं, तो आला असता तर नुसतं माझ्याकडं बघून कळलं असतं त्याला.

आता दोनी कोखांत दुखतं, पाठीच्या बाजूनं. दाबलं की कळ डोक्यात जाती. वायू आसंल, वैद्यजी म्हनले व्हते वायू कमरेत बसतो.

२४ एप्रिल, शनिवार

सकाळी थंडी वाजली. एवढ्या उन्हात. दुपारी घाम फुटून उतरली. लू लागली म्हनावं तर मी सावलीत असते.

लाईट गेली तवा ह्यांना म्हनलं, डोळ्याचं औषध संपलंय, जाऊन येते. एकटीच गेले. मनाशी धरूनच गेले की आज खरं सांगायचं. वैद्यजी एकटे आसतील तर सांगायचं, मान खाली घालून, पन सांगायचं.

वैद्यजी नव्हते. लातूरला लग्नाला गेलेले. चंदनबाई, त्यांच्या मंडळी, सांडगे वाळत घालून बसलेल्या. मला बघून उठल्या, गादीवर बसवलं, माठातलं पानी दिलं. मी पेला हातात धरून बसले. त्या म्हनल्या, क्या हुआ, बेटी, रंग उडलाय. घरात दुसरं कोनी नव्हतं. दोघी बायाच. याहून सोपी जागा कुठली भेटनार.

मी म्हनलं, काकीजी, एक बोलायचं व्हतं. त्या जवळ सरकल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हनल्या, वैद्यजी सबको तुम्हारा नाम बताते हैं. म्हनल्या, पोरींना सांगतात, बघा, सातवी शिकलेली बाई कंप्युटर चालवती, आन् मी सांगितलं ते सगळं बराबर पाळती, तांब्याभर पानी रोज संपवती. तुझी सास सांगून गेली.

 मी म्हनलं, तळव्याला लावायचं तूप संपलं.

त्यांनी वाटीभर दिलं. येताना पेला तसाच भरलेला खाली ठेवला. चंदनबाईंनी बघितलं पेल्याकडं. मंग माझ्याकडं. 

२६ एप्रिल, सोमवार

सकाळी लघवी लाल झाली. चहाच्या रंगाची म्हनावी तर त्याहून लाल. लुगड्याला डाग पडला. धुवायला निघाले तर आत्याबाई पुढं उभ्या. डाग बघून त्यांचं तोंड खुललं. चिमी झाल्यापासून पाळी आली नव्हती, म्हनून त्यांना काळजी लागली व्हती. म्हनल्या, आली का, बरं झालं. उष्णता मोकळी झाली. आता तीन दिवस बाहेर बस, आराम तरी भेटंल.

मी न्हाई म्हनलं न्हाई.

म्हनले असते तर मंग हे काय, हे सांगावं लागलं असतं. पाळी म्हनलं की सगळ्यांचं तोंड बंद होतं, पुढं कोनी काही विचारत न्हाई. एवढं सोपं सापडलं, मी धरून घेतलं. पाळीचं खोटं सांगनारी बाई दुसरी नसंल.

आता मी पडवीत हाये. गोधडी वेगळी, ताट वेगळं, पानी आत्याबाई वरून वततात. दुकान बंद माझ्यापुरतं, कारन पत्रिकेवर देवाची नावं असतात, कुलदैवत प्रसन्न, त्याला माझा हात चालत न्हाई. हे दोन बोटांनी टाईप करून राह्यले आसतील. लोक दारात वरडत आसतील.

चिमीला तेवढं पाजायला देतात. तिचं कुंचडं काढून, कापडाला विटाळ लागतो म्हनून उघडी करून पुढ्यात ठेवतात आन् पाजून झालं की पानी शिंपडून उचलतात. आज तिला जवळ घेतलं तर ती माझ्या छातीला हात लावून रडायला लागली. चटका बसल्यावानी हात मागं घेतला तिनं. आत्याबाई म्हनल्या, बघ, अजून उष्णता हाये दुधात.

अंग हे असलं तापलेलं. एकानं जरी कपाळाला हात लावला असता तर कळलं असतं. पन आता मला कोन शिवनार.

२७ एप्रिल

ओकारी. भाकरी खाल्ली न्हाई. आत्याबाईंना वाटलं उन्हानं.

आतापर्यंत पानी पीत नव्हते ते मुतायच्या भीतीनं. आता न्हानी चार पावलावर हाये आन् पानी पेलं तरी उलटून पडतं.

ह्यांनी दुरून विचारलं, कसं हाये. उंबऱ्याच्या आत उभे व्हते. मी म्हनलं, बरं हाये. हे म्हनले, तू नसली तर दुकान म्हंजे देऊळ पुजाऱ्याबिगर. त्यांना वाटलं मी हसंन. मला हसता आलं न्हाई. मंग ते जरा थांबले आन् म्हनले, नंदा, तू थकलीस तर सांग, मी पोरगं ठेवतो कामाला. मी लगेच न्हाई म्हनलं, मी येते, तीन दिवस सरले की येते.

बघा. तापानं मरून राह्यले तरी खुर्ची सोडायला तयार न्हाई.

२८ एप्रिल, बुधवार, दुपार

घरात कोनी न्हाई. सेलूला पाव्हन्याचं लग्न हाये, आत्याबाई, मामा चिमीला घेऊन सकाळच्या गाडीनं गेले. मी बाहेरची, लग्नात चालत न्हाई. हे पत्रिका छापाया जालन्याला गेले, मुक्कामबी पडंल म्हनले. चिमीला वाटीनं गाईचं दूध पाजतील. जाताना माझ्याकडं हात करत व्हती.

अंगावर दोन गोधड्या हायेत आन् दात वाजून राह्यले. उनाची झळ पडवीत येती. उठून दारापातूर जायचा विचार केला तर डोळ्यापुढं काळं झालं, खाली बसले. हाक मारली शेजारी. आवाज निघाला न्हाई. फोन दुकानात, दुकानाला कुलूप.

अक्षर वाकडं यिऊन राह्यलं. कंप्युटरवर असतं तर सरळ आलं असतं.

आता लाज बाजूला ठेवते. जरा उशीर झाला.

कंप्युटरची काही उष्णता बिष्णता न्हाई. खुर्चीचा दोष न्हाई, आत्याबाईंचा न्हाई, ह्यांचा न्हाई. वैद्यजींनी बराबर तेच विचारलं व्हतं. मी लाजले. मला वाटलं, सांगितलं तर मान खाली जाईल. न सांगूनबी खालीच राह्यली.

संध्याकाळी दूधवाली बाई येती. तिला वाचता येत न्हाई, पन ती वही कुनालातरी दाखवंल. ती दूध वतती त्या भांड्यावरच वही ठेवते, उघडून.

जो कोनी हे वाचून राह्यला असंल त्याला हात जोडून सांगते. मागची पानं वाचायची गरज न्हाई, वाचली तरी हसू नका. मी पडलेली दिसले तर बाहेरची हाये म्हनून लांब उभं राहू नका. मला पाळी आलेली न्हाई, ते रगत लघवीतलं हाये. मला शिवा. कपाळाला हात लावून बघा. विटाळ होनार न्हाई, झाला तर पाप माझ्यावर.

आन् माझ्या भावाला फोन करा. मच्छिंद्र, टेंभुर्णी, बांगड्यांचं दुकान. नंबर ह्या पानाच्या वर मोठा करून लिहिलाय. आधी त्यालाच करा, बाकीच्यांना मंग सांगा. त्याला म्हना, जीप घेऊन ये, बेबीला जालन्याला बाईच्या डॉक्टरकडं न्यायचं हाये. डॉक्टर विचारतील काय झालं. मी शुद्धीत असले तरी मान हलवीन, न्हाई म्हनीन, मला ठाव हाये माझं. तवा त्यानं माझ्या मानेकडं बघू नये. त्यानं सांगावं, ही पानी पीत नव्हती आन् दिवसभर लघवी रोकून बसायची. तो सांगंल. त्याला लाज वाटनार न्हाई. फोन लागला न्हाई तर परत लावा, संध्याकाळचा तो चहाला जातो, पन येतो. परत लावा.